आधी सांगा, मरतं कोण?

हल्ली सिनेमाचा शेवट सांगून टाकणं हा दखलपात्र गुन्हा झालाय. आमच्या शाळेत नववीतल्या एका पोराने मधल्या सुट्टीत कुठल्याशा मालिकेतला खुनी कोण ते सांगून टाकलं, तर सगळ्या वर्गाने तीन दिवस त्याच्याशी अबोला धरला. अशा दिवसांत खैरनार नाना नावाचा सत्तरीचा गृहस्थ भर गर्दीच्या मिसळीच्या दुकानात येतो, खुर्ची ओढतो आणि बूड टेकायच्या आत विचारतो, "सिनेमा कसा आहे ते राहू द्या, सर. आधी सांगा, मरतं कोण?"

आता माझं सांगतो. मी शाळेत भूगोल शिकवतो. ते पोटासाठी. पण जातीचा मी प्रेक्षक आहे. सिनेमा बघायच्या आधी मी त्याची जाहिरातसुद्धा बघत नाही. पोस्टर दिसलं तर मान फिरवतो, आणि त्या नादात एकदा नाशिकच्या सीबीएस बसस्टँडपाशी स्कूटर रिक्षावर घातली आहे. माणसाने कोरं जावं आणि भरून यावं, असं माझं मत. तेव्हा नानांसारखा माणूस माझ्या नशिबी का यावा, हे त्या काळारामालाच ठाऊक.

दर रविवारी सकाळी साडेनऊला गंगापूर रोडवरच्या त्या मिसळीच्या दुकानात आमचा कट्टा भरतो. कायमची माणसं तीन. एक मी. दुसरा शकीलभाई. द्वारका चौकात त्याचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे आणि घरात कॉमिक्स आहेत. आहेत म्हणजे किती, तर बायकोचं साड्यांचं कपाट त्याने कधीच बळकावलंय आणि साड्या बिचाऱ्या पलंगाखाली गेल्यात. तिसरी प्रज्ञा, दातांची डॉक्टर. ही रात्री दीडपर्यंत टीव्हीवर जुन्या भुताखेतांच्या मालिका बघते आणि दिवसभर पेशंटबरोबर स्वतःही आ करून जांभया देते.

बोलणं काय, ते बाहेरच्या माणसाने ऐकलं तर उठून जाईल. एका रविवारी पाऊण तास वाद झाला तो यावर, की उडणाऱ्या हिरोने खांद्यावर एवढा लांब कपडा घेऊन फिरावं का. शकीलभाईचं म्हणणं, ती त्याची इज्जत आहे. प्रज्ञाचं म्हणणं, सीलिंग फॅनखालून गेला तर संपला. शेवटी दुकानाच्या मालकाने "पाव आणू का अजून?" असं ज्या सुरात विचारलं, त्याचा अर्थ "निघा आता" असा होता. आम्ही पाव मागवले.

चार वर्षांपूर्वी नाना आमच्या शेजारच्या टेबलावर एकटेच मिसळ खात होते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, पायात चामडी चप्पल. आमचं चाललेलं ऐकत ऐकत त्यांनी पापड मोडला आणि शकीलभाईला म्हणाले, "माफ करा. त्या सिनेमातला इन्स्पेक्टर पुढे जगला का?"

"कुठला जगतोय, चाचा. मेला."

"किती वाजता?"

शकीलभाई चक्रावला. नाना शांतपणे म्हणाले, "म्हणजे मध्यंतरानंतर किती मिनिटांनी? आणि मागून रडारड किती वेळ चालते?"

तेव्हापासून ते आमच्यातलेच झाले.

खैरनार मूळचे सटाण्याकडचे. उभी हयात नाशिकला कोर्टात कारकुनी केली. कोर्टातून ते निवृत्त झाले, पण कोर्ट त्यांच्यातून झालं नाही. त्यांच्या लेखी प्रत्येक सिनेमा ही मयताची केस आणि आम्ही सगळे साक्षीदार. "एका साक्षीवर मी विश्वास ठेवत नाही," ते म्हणायचे, "निदान दोन पाहिजेत." मग तपासणी सुरू. हिरोचा मित्र? जातो की राहतो? आई? बाप? कुत्रं आहे का? कुत्र्याचं काय होतं? पोरंबाळं सगळी धड? म्हाताऱ्यांची त्यांना फिकीर नसायची. "म्हातारे जायचेच. त्यांची नोंद नको." आणि खलनायकाच्या माणसांची तर त्यांनी कधी चौकशीच केली नाही. ते बिचारे डझनाने मरोत.

शकीलभाई आणि प्रज्ञाच्या साक्षीत फरक पडला, की नाना पेटायचे. एरवी शुद्ध बोलणारा माणूस, पण चिडला की थेट बागलाणच्या अहिराणीत. "हाई खोटं शे!" असं म्हणून टेबलावर थाप मारायचे, की रस्सा हिंदकळून माझ्या शर्टावर. "कोणीतरी साक्षीदार फितूर झालाय. डॉक्टर, तुम्ही झोपला होतात का?" आणि डॉक्टर झोपलेली असायची, हे वेगळं सांगायला नको.

यामुळे शकीलभाईला एक विद्या प्राप्त झाली. थेटरात पडद्यावर कोणाचा श्वास घरघरायला लागला, की तो मनगट डोळ्यापाशी नेऊन घड्याळ बघायचा. रविवारी न चुकता सांगायचा, "नाना, मध्यंतरानंतर बाविसाव्या मिनिटाला भाऊ जातो. साडेचार मिनिटं रोना-धोना. मग गाणं." नाना खिशातल्या चिठ्ठीवर लिहून घ्यायचे आणि म्हणायचे, "नोंद घेतली." मग कुठे मिसळीला हात लावायचे. आणि त्याच दुपारी बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, घेऊन तीनच्या खेळाला जायचे. बावीस मिनिटं झाली, की पडद्यावर काय चाललंय याची पर्वा न करता उठायचे. प्रज्ञाने त्यांना दोन-तीनदा तसं बघितलं होतं. रांगेतल्या सगळ्यांचे गुडघे तुडवत नाना पुढे, काकू मागे. बाहेर दोघं कॉफी पीत उभे.

"प्रोस्टेट," प्रज्ञाने निदान केलं. दातांच्या डॉक्टरने ते का करावं, हे आम्ही विचारलं नाही. आम्हाला पटलं.

आता माझ्या रागाचं कारण ऐका. एक रहस्यपट आला होता. मी आठ दिवस जिवाचं रान करून कोरा राहिलो होतो. मोबाइल बंद. स्टाफरूममध्ये जेवणं बंद. शनिवारी पहिल्या खेळाचं तिकीट खिशात, मी थेटराच्या पायऱ्या चढतोय, आणि मागून हाक आली, "ओ सर! बरं झालं भेटलात. शकील म्हणतो वकील मरतो आणि त्याच्या बायकोनेच विष घातलेलं असतं. बरोबर का? दुसरी साक्ष पाहिजे होती."

मी म्हणालो, "नाना, मी अजून बघितला नाही."

"मग बघून या. मी थांबतो," ते म्हणाले, आणि खरंच बाकावर जाऊन बसले.

मी आत अडीच तास त्या बाईच्या हातातल्या कपाकडे बघत होतो. असा संताप मला लग्नानंतर प्रथमच आला. डूख धरणं माझ्या स्वभावात नाही, असं मी समजत होतो. पण आहे. चांगलाच आहे.

संधी महिन्याभरात आली. एक सिनेमा लागला. जाहिरातीत म्हणे सगळे नाचत होते. गावातली शाळा, खोडकर मुलगा, त्याचा गरीब मास्तर बाप. मी शनिवारी बघून आलो. सिनेमा पहिल्या भागात हसवतो आणि दुसऱ्या भागात तो मुलगा आजारी पडतो आणि जातो. चांगला दहा मिनिटं घेऊन जातो. शेजारची बाई पदरात हुंदके देत होती, आणि मी काय करत होतो, तर गालात हसत होतो. कारण शकीलभाई भाचीच्या लग्नाला मालेगावला गेला होता आणि प्रज्ञाने सिनेमा बघितला नव्हता. साक्षीदार एकटा मीच.

रविवारी नाना आले. "मरतं कोण?"

"कोणी नाही," मी म्हणालो.

"कोणीच नाही?"

"एक म्हातारा खोकतो. पण जगतो."

"कुत्रं?"

"कुत्रंच नाही सिनेमात. नाना, इतका स्वच्छ सिनेमा गेल्या दहा वर्षांत झाला नाही. काकूंना घेऊन जाच."

नाना चमचा खालीवर करत राहिले. "एकच साक्ष आहे," ते म्हणाले.

"मास्तरची आहे," मी म्हणालो. "शब्द देतो तुम्हाला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. "मास्तर खोटं कशाला बोलेल? नोंद घेतली."

एवढं करून मी गप्प बसलो असतो तर माणूस म्हटलं असतं. पण मला गंमत बघायची होती. तीनच्या खेळाला मीही तिकीट काढलं आणि दोन रांगा मागे, थोडा तिरका बसलो. पहिला भाग नाना खूष. हसताना त्यांचे खांदे उडत होते. मध्यंतरात त्यांनी काकूंना समोसा आणून दिला.

दुसऱ्या भागात मुलाला ताप आला. नाना ताठ झाले. मग दवाखान्यातली खाट आली आणि ते अर्धवट उठले. काकूंना काहीतरी म्हणाले. मला ऐकू आलं ते एवढंच, "चल ना, मला लागलीय." काकू जागच्या हलल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "बसा." नाना परत म्हणाले, "अगं, खरंच लागलीय." काकूंनी त्यांचं मनगट धरलं आणि खाली बसवलं. नाना बसले. पडद्यावर जे व्हायचं ते होत राहिलं. मी पडदा बघतच नव्हतो. नानांचे खांदे परत उडायला लागले होते, आणि या वेळी ते हसत नव्हते, एवढं अंधारातसुद्धा कळत होतं.

काय झालंय ते कळलं नव्हतं, पण आपल्या हातून काहीतरी वाईट झालंय, हे पक्कं कळलं. दिवे लागायच्या आत मी पळालो. हो, पळालोच.

पुढच्या रविवारी नाना आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. शकीलभाई मालेगावहून परतला होता. मी त्याला सगळं सांगितलं, जरा विनोदी करूनच सांगायला गेलो. तो हसेना. त्याने पाव खाली ठेवला.

"सर, ये क्या किया तुम्ही?" तो म्हणाला. "नानांना मुलगा होता. नऊ वर्षांचा गेला. तापाचं निमित्त झालं, महिनाभर दवाखान्यात होता. पस्तीस वर्षं झाली असतील. माझ्या अब्बांची केस कोर्टात होती, तेव्हा अब्बा आणि नाना एकमेकांना ओळखायचे. मला घरातूनच ठाऊक."

"मग सांगितलं का नाहीस कधी?"

"त्यांनीच सांगितलं नाही, तर मी कोण सांगणारा? ते बोलतच नाहीत त्यावर. पण सर, तुम्हाला काय वाटलं, मी थेटरात अंधारात घड्याळ बघत बसतो, मला हौस आहे?" त्याने हात पुसले. "काकूंना सोसत नाही म्हणून ते आधी विचारून ठेवतात. जा आता. माफी मागून या."

प्रज्ञाने माझ्यापुढची मिसळ बाजूला सरकवली, म्हणजे लगेचच जा.

इंदिरानगरला नानांचा दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. बेल वाजवायच्या आधी मी जिन्यात दोन वाक्यं पाठ केली. दार काकूंनी उघडलं. ठेंगण्या, चष्मा, हाताला कणीक.

"या सर. हे आंघोळीला गेलेत. बसा."

मी बसलो नाही. उभ्यानेच म्हणालो, "काकू, मी मुद्दाम खोटं बोललो. मला माहीत नव्हतं. पण खोटं मात्र मुद्दामच."

"ते कळलं मला," काकू म्हणाल्या. "मास्तर आणि दुसऱ्या भागातलं विसरतो, असं होईल का? बसा म्हटलं ना." मी बसलो. त्या समोर बसल्या, हाताची कणीक बोटाने काढत राहिल्या.

"एक सांगू? बरं झालं तुम्ही खोटं बोललात."

मला वाटलं, बाई मनाच्या मोठेपणाने बोलतायत. पण तसं नव्हतं.

"पस्तीस वर्षं मी ह्यांच्याबरोबर सिनेमातून उठतेय," त्या म्हणाल्या. "तुमच्या आधी कोर्टातले शिपाई होते. ते शुक्रवारी बघून यायचे आणि ह्यांना सांगायचे. ह्यांना वाटतं, मला सोसायचं नाही. अहो, मला सगळं सोसतं. ह्यांना सोसत नाही. म्हणून मी उठायची. मला वाटायचं, माझ्या नावावर का होईना, हे बाहेर पडतायत, पडू देत."

"मग तुमचे सगळे सिनेमे अर्धेच राहिले असतील," मी म्हणालो. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

"छे! एकही नाही." काकू पहिल्यांदा हसल्या. "हे साडेदहाला झोपतात. टीव्हीवर रात्री लागतातच की सगळे, कधी ना कधी. आवाज बंद करून राहिलेला तुकडा बघून घेते. कोण काय बोलतं ते कळत नाही, पण मरताना बोलून बोलून काय बोलणार? सगळे एकच बोलतात."

आत न्हाणीघरात तांब्याचा आवाज येत होता. काकूंनी तिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"अमोल गेला तेव्हा हे रडले नाहीत, सर. मला धीर द्यायचा म्हणून. आणि मग राहूनच गेलं. त्याचं नावसुद्धा घेतलं नाही कधी. मी घेतलं तर उठून जायचे. त्या दिवशी थेटरात तुमचा तो पोरगा आजारी पडला, आणि माझ्या मनात आलं, आता नाही उठायचं. आज काय व्हायचं ते होऊ दे." त्या थांबल्या. "हात धरून बसवलं मी ह्यांना. घरी येईपर्यंत रडत होते. रिक्षावाल्याने पाणी दिलं."

"आणि आता?"

"आता पंधरा दिवस झाले, गप्प आहेत. जेवतात, झोपतात. पण चिडलेत म्हणावं तर तसंही नाही. मला भीती वाटतेय, की मी चुकले की काय."

एवढ्यात नाना बाहेर आले. बनियन, खांद्यावर टॉवेल, ओले केस. मला बघून थबकले. मी ताडकन उठलो. पाठ केलेली दोन्ही वाक्यं गेली कुठल्या कुठे.

"नाना, माझं चुकलं. रागाच्या भरात खोटी साक्ष दिली."

नाना खुर्चीत बसले. टॉवेलने सावकाश कान पुसले. एक, मग दुसरा. कोर्टात निकालाच्या आधी न्यायाधीश चष्मा पुसतात, तेवढा वेळ त्यांनी घेतला.

"त्या सिनेमात एक चूक आहे," ते म्हणाले.

काकूंचं कणीक काढणं थांबलं.

"मुलाला सलाइन लावलंय, आणि तो त्याच हाताने चित्र काढतोय. असं करता येत नाही. हात हलवू देत नाहीत. अमोलने एकदा हलवला, तर कितीदा सुई परत लावायला लागली. हो की नाही गं?"

काकूंच्या बोटांतली कणीक खाली पडली. "हो," त्या म्हणाल्या.

"डाव्या हाताने काढायचा तो मग," नाना मला म्हणाले. "चित्र नाही, सर. नकाशे. दवाखान्याचा नकाशा. कुठे पंखा, कुठे दार, कुठे मावशी झोपतात. तुम्ही भूगोलवाले, तुम्हाला आवडला असता. आणि गोष्ट सांगायचा, बघा. टीव्हीवर बघितलेलं सगळं, आवाजांसकट. शेजारच्या खाटेवरचे म्हातारे पैसे देऊ करायचे त्याला, पुढचं सांग म्हणून."

"पैसे नाही," काकू म्हणाल्या. "मोसंबी."

"पैसे."

"मोसंबी हो! मीच सोलून दिलीयत."

"असेल. बरं, मोसंबी. आणि सगळ्या नर्सची नावं पाठ. तिघीजणी होत्या. तिघींना नावाने हाक मारायचा, ताई लावून."

"चौघी होत्या."

"तिघी, गं. मला नाही का माहीत?"

"चौथी रात्रपाळीची," काकू म्हणाल्या. "तुम्ही झोपलेले असायचात तेव्हा."

नाना थोडा वेळ टॉवेलच्या दशा ओढत राहिले. मग म्हणाले, "मी झोपायचो नाही. डोळे मिटून पडायचो. तुला वाटावं, की मला झोप लागली, म्हणून."

"माहीत होतं मला," काकू म्हणाल्या. "मीही तेच करत होते."

त्या दोघांना मी तिथे आहे, याचा विसर पडला होता. मी हललो नाही.

नाना काकूंकडे वळून बसले. जन्मभर एका घरात राहिलेल्या माणसाने एखादी माहिती विचारावी तशा साध्या आवाजात त्यांनी विचारलं, "काय गं नाव होतं तिचं, त्या चौथीचं?"

आणि काकू सांगायला लागल्या.